आदर्शपूरचा गार्ड

नोकरीत असताना माझ्या हातून एकही अपघात झाला नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र आठवड्याला दोन-तीन तरी होतात. परवाच सकाळी मी एक मालगाडी प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या पॅसेंजरला नेऊन भिडवली. घरी आलो तेव्हा बायको कोलंबी सोलत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "आज किती गेले?" मी म्हटलं, "सगळेच." ती म्हणाली, "बरं. हातपाय धुऊन घ्या, ताट वाढते."

दिवाळी अंकाच्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. हे सगळं संगणकाच्या पडद्यावर होतं. मी चौतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो, आणि आता बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर, खोट्या रेल्वेत खोट्या गाड्या चालवतो.

खरं म्हणजे निवृत्तीनंतर मी पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या पानमळ्यात धाकट्या भावाला मदत करणार होतो. भावाने महिन्याभरात हात जोडले. पाणी सोडायच्या पाटांना मी मेन लाइन, लूप लाइन अशी नावं पाडली होती, आणि एका पाटाचं पाणी पूर्ण गेल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडायचं नाही असा नियम केला होता. वेली वाळायला लागल्या. भाऊ म्हणाला, "दादा, तू पालघरलाच बरा. कुठे तरी कामाला लाग." त्याच आठवड्यात स्नेहल देवरेचा फोन आला, हे त्याचं आणि पानवेलींचं नशीब.

स्नेहल मूळची धुळ्याकडची. नवरा तारापूरला अणुवीज केंद्रात, म्हणून ती इकडे आली, आणि घरी बसणं जमेना म्हणून चार पोरं-पोरी हाताशी धरून तिने स्टेशन मास्तरांना शिकवण्यासाठी हे सिम्युलेटर तयार केलं. एका स्टेशनाचं हुबेहूब पॅनेल, त्यावर दिवे, बटणं, फोन. स्टेशनाचं नाव आदर्शपूर. नाव ऐकूनच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी तिने मोठ्या हौसेने सगळं दाखवलं. इथे बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. स्टेशनात गाडी कुठल्या रुळावरून कुठे जाणार, हे ठरवण्याला आम्ही मार्ग लावणं म्हणतो. पॅनेलवर दोन बटणं दाबली की त्या वाटेवरचे सांधे, म्हणजे रूळ बदलणारे जोड, फिरतात, कुलूपबंद होतात, आणि मग सिग्नल हिरवा होतो. एक मार्ग लागलेला असताना त्याला आडवा जाणारा दुसरा मार्ग यंत्र लावूच देत नाही. हे काम पूर्वी मास्तर करायचा. आता संगणक वेळापत्रक बघून आपणहून मार्ग लावतो, आणि मास्तरने फक्त लक्ष ठेवायचं असतं. त्याला सगळे 'ऑटो' म्हणतात.

तर आदर्शपूरला एक गाडी आली. दोन मिनिटं थांबली. ऑटोने मार्ग लावला, सिग्नल हिरवा झाला, गाडी गेली. स्नेहलने माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "गार्ड कुठे आहे?"

"गार्ड नाहीये, काका."

"मग गाडी सोडली कोणी?"

"वेळ झाली ना. म्हणून गेली."

मी इतका हसलो की खालच्या कारखान्यातला वॉचमन वर बघायला आला. वेळ झाली म्हणून गाडी जाते, हे फक्त प्रवाशांना वाटतं. गाडी निघते ती तयार झाल्यावर. तयार म्हणजे ड्रायव्हर इंजिनात, गार्ड आपल्या डब्यात, कागद दोघांच्या हातात, आणि ब्रेकची हवा पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत भरलेली. रेल्वेचे ब्रेक हवेने सुटतात. शेवटच्या डब्यात हवा पोचली नाही तर सिग्नल कितीही हिरवा असू दे, गाडी जागची हलत नाही. गार्डला हल्ली ट्रेन मॅनेजर म्हणतात. पण मॅनेजर म्हटल्यावर तो माझ्या डोळ्यांपुढे बँकेत बसतो, म्हणून मी गार्डच म्हणणार.

आता ऑटोचं काय होतं ते बघा. गाडीची वेळ झाली की तो मार्ग लावून मोकळा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. नवरी अजून न्हाणीघरात, आणि हा वाजंत्री सुरू करून बसला आहे. गाडी हलत नाही, पण तिचा मार्ग लागलेला असल्यामुळे सांधे अडकून पडतात, आणि मागून येणारी एक्स्प्रेस बाहेर सिग्नलला उभी राहते. मार्ग रद्द करावा म्हटलं तर यंत्र दोन मिनिटं थांबायला लावतं. कारण हिरवा दिवा बघून ड्रायव्हरने गाडी हलवलीच असेल तर त्याच्या चाकांखालून सांधा सरकायला नको. रस्त्यात दोन मिनिटं म्हणजे काही नाही. रेल्वेत दोन मिनिटं म्हणजे वरून तीन फोन आणि एक लेखी खुलासा.

स्नेहलने वही पुढे सरकवली. "गाडी तयार नसायची जेवढी कारणं तुम्हाला माहीत आहेत, तेवढी लिहा."

मी आठ दिवस लिहीत होतो. गार्डचा चष्मा मागच्या स्टेशनात राहिला. ड्रायव्हरचा डबा मांजराने सांडला. एका खाडीकाठच्या स्टेशनात, नाव सांगत नाही, कारण तिथे अजून मला फुकट चहा मिळतो, मासळीच्या पाट्या चढत असताना एक बाई दारात उभी राहून खालच्या बाईशी भांडत होती. गार्ड म्हणाला, भांडण संपल्याशिवाय मी झेंडा दाखवत नाही, कारण कोण आत आणि कोण बाहेर ते ठरलेलं नाही. एका लग्नाच्या वऱ्हाडाने नवरदेवाचा काका येईपर्यंत साखळी धरून ठेवली होती. काका दुसऱ्याच डब्यात झोपलेला निघाला.

स्नेहलने सगळं वाचलं, मनापासून हसली, आणि माझ्या चौतीस वर्षांचे चार खण केले. माणसं, दारं, कागद, हवा. मला जरा लागलं. पण काम तिने चोख केलं. आदर्शपूरच्या प्रत्येक गाडीला आता 'तयार' नावाचा दिवा आला. गार्डने तयार असल्याचं कळवलं की मास्तरच्या पॅनेलवर तो पेटतो. मास्तरने फोनवर खात्री करून 'मान्य'चं बटण दाबायचं. ते दाबलं की मगच ऑटो मार्ग लावणार.

राहिला प्रश्न गार्ड कोण होणार याचा. पॅनेलची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे. त्या मागच्या खोलीत मला बसवलं. पुढे नवशिका मास्तर पॅनेलवर, मागे मी फोनवर आणि 'तयार'च्या बटणावर. गार्ड मी, ड्रायव्हर मी, फाटकवाला मी, अलीकडच्या आणि पलीकडच्या स्टेशनांचे मास्तरही मीच. ड्रायव्हर मी हिंदीत करतो, "मास्टरसाब, सिगनल कब दोगे, खाना ठंडा हो गया." फाटकवाला मासवणकडचा. त्या बाजूचा एक जण माझ्याबरोबर होता, तो प्रत्येक फोनची सुरुवात "कोन हाय?" अशी करायचा, जणू फाटकाच्या खोलीत फोन करणारी माणसं रोज बदलतात. वैतरणेच्या खाडीवरून बोलणारा ड्रायव्हर असेल तर मी बोलता बोलता फोनमध्ये फुंकर मारतो. लहानपणी नाटकात काम करायला वडिलांनी सोडलं नव्हतं. ती हौस साठीनंतर भागली.

शिकणारी माणसं एकेक नमुने. एक जण गाडी थांबवून ठेवायची वेळ आली की पडद्याला "सॉरी" म्हणायचा. एकीने पहिल्याच दिवशी पॅनेलला हळदकुंकू वाहिलं, ते बटणांच्या फटीत गेलं आणि दोन दिवस लूप लाइन बंद राहिली. पण मला सांगायचं आहे ते हरेश्वरचं.

हरेश्वर तामोरे इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा, कोळी. रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला. वीस वर्षं उन्हापावसात रुळांत उतरून सांधे तपासणारा, झेंडा दाखवणारा, शेवटच्या डब्यामागचा दिवा स्वतः जाऊन बघणारा माणूस. वय चाळिशीच्या पुढे, गुडघे त्याहून म्हातारे. खात्यातली परीक्षा देऊन त्याला मास्तर व्हायचं होतं. लेखी तो पास झाला होता. सिम्युलेटरवरच्या परीक्षेला मात्र तीनच संधी, आणि तो दोनदा नापास झालेला. तिसरी गेली की वयाची अट आडवी येणार, आणि निवृत्तीपर्यंत तो सांधेवालाच.

याच्यापेक्षा मोठं दुखणं घरात होतं. त्याचा धाकटा मेहुणा आधीच मास्तर झाला होता आणि नेमका त्याच्याच स्टेशनात बदलून आला होता. "गनपतीला घरी येते तवा माज्या पाया पडते," हरेश्वर मला सांगत होता (त्यांच्या बोलीत पुरुषही 'येते', 'बोलते'च म्हणतो), "आन् ड्युटीवर बोलते, 'हरेश्वर, झेंडा दाखव.' मास्तर, मी झेंडा दाखवते. पन दाखवतांना हात जड होते."

तो दोनदा नापास कसा झाला हेही ऐका. पहिल्या खेपेला सगळं उत्तम चाललं होतं. 'तयार'चा दिवा लागला. मी गार्डच्या आवाजात सांगितलं, "गाडी तयार, शेवटचा दिवा ठीक." हरेश्वर "बरा" म्हणाला, खुर्चीवरून उठला, पिशवीतून हिरवा-लाल झेंडा काढला आणि दारातून बाहेर गेला. परीक्षक साहेब वाट बघत बसले. वाटलं, पोट बिघडलं असेल. स्नेहल जिन्यात गेली तर हा खाली खोक्यांच्या ढिगापाशी उभा, झेंडा हातात, आणि चेहरा असा की कुणीतरी त्याची अख्खी मालगाडी चोरून नेली आहे. वीस वर्षांची सवय. गाडी तयार आहे म्हटलं की जाऊन बघायचं. पॅनेल सोडून गेला म्हणून नापास.

दुसऱ्या खेपेला तो उठला नाही. पण विश्वासही ठेवला नाही. प्रत्येक गार्डला एकच उत्तर, "थांबा, मी पॉइंट्समनला बगाया पाठवते." आदर्शपूरला पॉइंट्समन नाही. तेव्हा कुणी बघायला गेलं नाही, आणि गाडीही गेली नाही. अर्ध्या तासात आदर्शपूरच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची अशी रांग लागली की स्नेहलच्या संगणकाने हात टेकले.

तिसऱ्या परीक्षेआधी मी त्याला महिनाभर शिकवलं. तो ड्युटी संपवून यायचा, कधी डब्यात तळलेले बोंबील घेऊन. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगायचो, "अरे, मास्तरला जाऊन बघता येत नाही. त्याला विचारूनच बघावं लागतं. प्रश्न विचार." तो मान डोलवायचा, आणि 'तयार'चा दिवा लागला की त्याचा उजवा पाय आपोआप दाराकडे वळायचा. शेवटी त्यानेच उपाय काढला. सराव सुरू करताना चपला काढून माझ्याकडे मागच्या खोलीत आणून ठेवायचा. रेल्वेचा माणूस अनवाणी रुळांत उतरत नाही. मी तेवढा वेळ त्याच्या चपलांची राखण करत गार्डचं काम करायचो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी तो आला तो दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. चपला माझ्या टेबलाखाली ठेवल्या. "मास्तर, येते," म्हणाला, जणू होडी घेऊन समुद्रात चालला आहे. परीक्षक साहेब उंच, बारीक, अंगाने आणि बोलण्याने. स्नेहल त्यांच्या शेजारी. मी भिंतीमागे, माझ्यापुढे एक पडदा, त्यावर सगळ्या गाड्यांची खरी स्थिती.

पहिला तास हरेश्वरने असा काढला की मला उठून शाबासकी द्यावीशी वाटत होती. फाटकवाल्याने "कोन हाय?" म्हटल्यावर हा शांतपणे म्हणाला, "मी मास्तर बोलते." तो शब्द उच्चारताना त्याचा आवाज किंचित हलला. मला भिंतीपलीकडून ते कळलं.

मग शेवटचा प्रसंग आला. बाजूच्या लूप लाइनवर लांबलचक मालगाडी उभी. तिची निघायची वेळ झालेली. मागून मेन लाइनवर एक्स्प्रेस येते आहे. मालगाडी वेळेत तयार झाली तर ती पुढे सोडायची आणि पूर्ण गुण घ्यायचे. नाही झाली तर तिला थांबवून एक्स्प्रेस काढून द्यायची. उमेदवाराने हे 'तयार'वरून ठरवायचं.

माझ्या पडद्यावर मालगाडीत हवा भरत होती. एकेक डबा हिरवा होत शेवटच्या डब्याशी आला आणि तिथे रेंगाळला. एक्स्प्रेस जवळ येत होती. मला दिसत होतं की आणखी थोडा वेळ गेला तर मालगाडीची संधी हुकणार, गुण जाणार, आणि हा पुन्हा काठावर लटकणार. काठावर म्हणजे नापास, हे मला त्याच्या नशिबावरून माहीत झालं होतं.

आता आमच्या रेल्वेतली एक रीत सांगतो. गार्डला विचारलं, गाडी तयार का, तर खरा तयार असलेला गार्ड "तयार" म्हणतो, आणि नसलेला "झालंच" म्हणतो. आणि ज्याची मास्तरशी दोस्ती आहे तो "झालंच" असतानाही "तयार" म्हणून टाकतो. मास्तर सिग्नल देईपर्यंत उरलेलं होऊन जातं, दोघांचा वेळ वाचतो. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. नियमाच्या पुस्तकात ही रीत नाही, पण मी ती चौतीस वर्षं पाहिली होती, आणि त्या सकाळी ती माझ्या बोटात उतरली.

मी 'तयार'चं बटण दाबलं. शेवटचा डबा अजून भरत होता. तेवढ्यात खालून चहा आला. माझ्या मनाने गाडी केव्हाच सुटली होती. मी चहा बशीत ओतला, एका हाताने फोन उचलला आणि गार्डच्या आवाजात म्हटलं, "मास्तर, गाडी तयार. हवा भरली. शेवटचा दिवा ठीक." आणि फोन कानाशी असतानाच फुर्र करून एक घोट घेतला.

पलीकडून हरेश्वरचा आवाज आला. "गार्डसाहेब, तुमी कुठं हाय?"

"कुठे म्हणजे? माझ्या डब्यात."

"उबे का बसलेले?"

मी म्हटलं, "उभा. झेंडा हातात आहे."

"झेंडा एका हातान, फोन दुसऱ्या हातान. मंग बशी कंच्या हातान धरली?"

बशी खाली ठेवावी तर आवाज होणार. मी ती तशीच धरून उभा राहिलो.

"चा पिऊन घ्या, गार्डसाहेब," हरेश्वर अगदी आदराने म्हणाला. "मंग बोलू." आणि फोन ठेवला.

त्याने 'मान्य' दाबलं नाही. मेन लाइनचा मार्ग लावला, आणि एक्स्प्रेस आदर्शपूरमधून धडधडत निघून गेली. मालगाडी बऱ्याच वेळाने सुटली.

भिंतीपलीकडे परीक्षक साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "गार्डने गाडी तयार असल्याचं कळवलं होतं. तुम्ही ती विनाकारण रोखलीत. हे गंभीर आहे. कारण काय?"

"साहेब, गार्ड चा पीत व्हता."

"हे सिम्युलेटर आहे. यात चहा नाही."

"गाडी तयार असली का गार्डाला चा प्याया टाइम नसते, साहेब. मी वीस वरसं बगते. निघायच्या टायमाला त्याचं तोंड झेंड्याकडं, डोळे इंजिनाकडं. जो चा पीते त्याची गाडी अजून तयार नसते."

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "नियमात असं काही आहे का?"

"नियमात नाय," हरेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजावरून वाटलं की हा आता उठणार आणि अनवाणीच नवापूरला चालत जाणार.

स्नेहल मध्ये पडली. "सर, एक मिनिट. संगणकाची नोंद बघते." थोडा वेळ कळफलकाची टकटक. मग तिचा गोंधळलेला आवाज. "सर, 'तयार'चा दिवा लागला तेव्हा शेवटच्या डब्यात हवा भरलेली नव्हती. ह्यांनी 'मान्य' दाबलं असतं तर मार्ग लागला असता, गाडी हलली नसती, आणि एक्स्प्रेस बाहेर अडकली असती."

"मग दिवा लागलाच कसा?" साहेब म्हणाले. "याचा अर्थ तुमचं यंत्र सदोष आहे. असल्या यंत्रावर घेतलेली परीक्षा मी रद्द करतो."

परीक्षा रद्द म्हणजे पुन्हा घेणार. केव्हा, ते देव जाणे. हरेश्वरची वयाची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. हे स्नेहलला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खुर्चीत बसलेल्या त्या माणसाला तर पाठ होतं.

मी खोटं कशाला सांगू, पहिला विचार माझ्या मनात आला तो गप्प बसायचा. यंत्र नवीन आहे, कुठे तरी वायर हलली असेल, कोण बघतं? मी तिथला तज्ज्ञ. गाडी तयार कधी म्हणायची हे त्या यंत्राला शिकवणारा माणूस मी. आणि मीच खोटं तयार दिलं, हे माझ्या मुलीच्या वयाच्या स्नेहलसमोर कसं सांगायचं? मग टेबलाखाली बघितलं. त्याच्या चपला जोडीने नीट ठेवलेल्या होत्या, एकीचा अंगठा सुतळीने शिवलेला.

मी दार उघडून पुढच्या खोलीत गेलो. बशी हातातच होती, ते नंतर लक्षात आलं.

"साहेब, यंत्र बरोबर आहे. गार्ड खोटं बोलला."

"कोण गार्ड?"

"मी."

साहेबांनी आधी माझ्याकडे, मग बशीकडे पाहिलं. "का?"

"ह्याची गाडी वेळेत जावी म्हणून."

"तुम्ही किती वर्षं मास्तर होता?"

"चौतीस."

त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ कागदावर लिहीत राहिले. मग त्यांनी वाचून दाखवलं, की गार्डने चुकीची सूचना दिली असता उमेदवाराने ती न स्वीकारता एक्स्प्रेस वेळेत काढली, सबब उमेदवार उत्तीर्ण. कागदाची घडी घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नोकरीत असता तर आज आरोपपत्र घेऊन घरी गेला असता." मी म्हटलं, "हो साहेब." दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर 'तयार'चं बटण दाबलं जाईना. स्नेहलने आतून अशी सोय केली होती की शेवटच्या डब्यात हवा भरल्याशिवाय ते बटण बसतच नाही. जन्मभर मी यंत्राला कुलूप घालत आलो. त्या पोरीने मलाच घातलं, आणि वर विचारलं, "काका, चहा घेणार?"

पण परीक्षेच्या दिवशी, साहेब गेल्यावर, हरेश्वर चपला घ्यायला मागच्या खोलीत आला होता. मला वाटलं, गळ्यात पडेल, निदान पाया पडेल. तो चपला हातात घेऊन उभा राहिला.

"मास्तर, तुमी माज्यासाठी केला, ते मना समजते."

मी म्हटलं, "जाऊ दे रे. पास झालास ना!"

"जालो. पन उद्या खऱ्या गाडीला बी कोन तरी माज्यासाठीच बोलल, तयार. माज्यावर माया हाय म्हून बोलल. तवा मी काय करू?"

मी त्याला उत्तर दिलं असतं तर खोटं दिलं असतं. मला लाज वाटत होती, आणि ती चहाची नव्हती. चौतीस वर्षांत मी किती दोस्त गार्डांचं "तयार" डोळे मिटून घेतलं, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. काही झालं नाही, ते मी माझ्या हुशारीच्या खाती टाकत आलो. त्या दिवशी घरी गेलो आणि जेवताना बायकोने नेहमीसारखं विचारलं, "आज किती गेले?" मी म्हटलं, "आज एका माणसाने सगळ्यांना वाचवलं." तिने आमटी वाढता वाढता थांबून माझ्याकडे पाहिलं. मी एरवी असं काही बोलत नाही.

हरेश्वर पुढे रीतसर प्रशिक्षण घेऊन मास्तर झाला. लांबच्या एका लहानशा स्टेशनात बदली झाली. मेहुण्याने गावात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "हरेश्वरला मीच शिकवला." हरेश्वरने ते खपवून घेतलं.

गेल्या महिन्यात सकाळी फोन आला. मी सवयीने म्हटलं, "कोन हाय?"

"मी मास्तर बोलते," तो म्हणाला, आणि दोघंही हसलो. मग म्हणाला, "आज पैल्यांदा एकटा बसलो पॅनेलवर. पैली गाडी सोडली."

"वा! वेळेवर?"

"नाय. चार मिन्टं लेट."

"का रे? काय झालं?"

"गार्ड बोलला तयार. चांगला मानूस हाय, वळखीचा. पन मी पॉइंट्समनला बोललो, जा, शेवटच्या डब्यापरत बगून ये. तो येईतवर थांबवली."

"मग? काही सापडलं?"

"काय बी नाय. दिवा ठीक, हवा ठीक. सगळा एकदम ठीक."

"म्हणजे चार मिनिटं उगाच गेली."

"उगाच कशी, मास्तर?" हरेश्वर म्हणाला. "बगून गेली."